लपलेले दुवे आणि संदिग्धता: ‘किंग इन यलो’, ‘ग्रेट गॉड पॅन’ वगैरे वाचताना (कथानक फुटेल, जपून)

पाचपाखाडी:
ठाण्याच्या पुढच्या बैठकीसाठी तीन कथा ठरल्या आहेत: चेंबर्सची ‘द रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स’ (‘किंग इन यलो’ या संग्रहातली), मॅकनची ‘द ग्रेट गॉड पॅन’ आणि हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’. या कथांवर बोलणं सुरू झालं की दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळं निवेदकाच्या डोक्यातलं. दुसरा म्हणतो, सगळं खरंच घडलं. दोन्ही बाजू कंटाळवाण्या आहेत, कारण आपलं म्हणणं टिकवायला दोघांनाही कथेतली अर्धी वाक्यं फेकून द्यावी लागतात. म्हणून कच्चं काम इथेच उरकून घेऊ.

सूचना अशी. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त छापलेलं: कोण म्हणालं, कोणी पाहिलं, कोणत्या प्रकरणात. दुसऱ्यात लेखकाला लिहिताना काय ठाऊक असू शकत होतं. इथे वर्षं लागतात. तिसऱ्यात नंतरच्या लेखकांनी आणि वाचकांनी चिकटवलेलं. दुवा सापडला असं वाटलं की तो कोणत्या रकान्यातला ते आधी ठरवायचं, मग भांडायचं. जालावर जे दुवे फिरतात त्यांतले पुष्कळ तिसऱ्यात जाऊन पडतात. त्यात वाईट काही नाही, पण कथेत काय घडलं याचा पुरावा म्हणून ते चालत नाहीत.

पहिल्या रकान्याला एक पोटरकाना जोडा: ही माहिती किती हातांतून आली? या एका प्रश्नाने निम्मे वाद मिटतात.

नेरूळचा_निशाचर:
तिसऱ्या रकान्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण हास्टुर. २०१४ साली ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ ही मालिका आल्यापासून ‘कार्कोसा’ शोधत येणारे वाचक वाढले, आणि ते सगळे हास्टुर म्हणजे चेंबर्सचा राक्षस-देव असं धरून येतात. साखळी अशी आहे:

अँब्रोज बिअर्सची ‘अ‍ॅन इन्हॅबिटंट ऑफ कार्कोसा’ १८८६ ची. तिच्यात कार्कोसा हे एक प्राचीन शहर आहे आणि हाली हे एका ज्ञानी माणसाचं नाव; त्याचं वचन कथेच्या डोक्यावर छापलेलं आहे. याच हालीचं आणखी एक वचन बिअर्सने ‘द डेथ ऑफ हॅल्पिन फ्रेझर’च्या सुरुवातीला वापरलं. ‘हैता द शेफर्ड’ १८९१ ची. तिथे हास्टुर हा मेंढपाळांचा देव, अगदी सौम्य. १८९५ मध्ये चेंबर्सने ही तिन्ही नावं उचलली आणि त्यांचे अर्थ बदलून टाकले. हाली हा माणूस होता, त्याचं तळं झालं. हास्टुर ‘रिपेअरर’मध्ये ग्रहताऱ्यांच्या नावांसोबत येतो, आणि त्याच पुस्तकातल्या ‘द डेमोझेल दीस’मध्ये चक्क एका ससाणे सांभाळणाऱ्या नोकराचं नाव हास्टुर आहे. म्हणजे खुद्द चेंबर्सने त्याला एक अर्थ दिलाच नाही.

पुढे भयकथाकार लव्हक्राफ्टने ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’मध्ये (छापली गेली १९३१) हास्टुर, पिवळी खूण, हालीचं तळं ही नावं एका लांबलचक यादीत घातली, खुलासा न करता. ऑगस्ट डर्लेथने त्यानंतर हास्टुरला पूर्ण देवपण दिलं. आज जो ‘हास्टुर’ म्हणतात तो मुख्यतः डर्लेथचा.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. ‘नेक्रोनॉमिकॉन’ची (त्याच्या कथांतल्या काल्पनिक शापित ग्रंथाची) कल्पना लव्हक्राफ्टने ‘किंग इन यलो’वरून घेतली, असं सर्रास लिहितात. नेक्रोनॉमिकॉनचं नाव पहिल्यांदा ‘द हाउंड’मध्ये येतं, ती लिहिली १९२२ ला, छापली १९२४ ला. चेंबर्स त्याने वाचला १९२७ मध्ये. दुसरा रकाना भरला की हा दुवा गळून पडतो. वर गंमत अशी की १९२७ च्या त्याच्या टिपणात लव्हक्राफ्टनेच उलटा विनोद केला आहे, की चेंबर्सला ती कल्पना नेक्रोनॉमिकॉनवरून सुचली म्हणतात.

घणसोली_लोकल:
वाचनखूण साठवली. पण नावं उसनी घेणं म्हणजे ‘दुवा’ कसा? एकाच पुस्तकातल्या कथा एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत ते सांगा ना.

येऊर:
ते जास्त रंजक आहे. ‘किंग इन यलो’त दहा मजकूर आहेत, त्यांतल्या पहिल्या चारांत ‘किंग इन यलो’ याच नावाचं काल्पनिक नाटक येतं, वाचणाऱ्याला वेड लावतं म्हणतात ते: ‘रिपेअरर’, ‘द मास्क’, ‘इन द कोर्ट ऑफ द ड्रॅगन’, ‘द यलो साइन’. शेवटच्या चार कथा पॅरिसच्या, चित्रकार-विद्यार्थ्यांच्या. नाटकाशी त्यांचा संबंध नाही.

पहिल्या चारांतले छापील सांधे मला हे दिसतात. ‘रिपेअरर’मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या सरकारी मरणघरासमोर (आत्महत्या करू इच्छिणाऱ्यांची सोय) ‘फेट्स’ हा शिल्पसमूह आहे. शिल्पकार बोरिस इव्हेन, जो पॅरिसमध्ये तेविसाव्या वर्षी वारला. हाच बोरिस ‘द मास्क’चा मध्यवर्ती शिल्पकार. ‘द यलो साइन’चा निवेदक स्कॉट हा चित्रकार, तो ओझरतं सांगतो की तरुण कॅस्टेनची आपली ओळख होती आणि त्याची शोकांतिका ठाऊक असल्यामुळे आपण ते पुस्तक कधी उघडलं नाही. कॅस्टेन म्हणजे ‘रिपेअरर’चा निवेदक हिल्ड्रेड. आणि ‘द मास्क’मध्येही स्कॉट आडनावाचा एक चित्रकार मित्रमंडळीत आहे.

आता वर्षं लावा. ‘रिपेअरर’ची सुरुवात १९२० च्या अखेरीस, मरणघर १३ एप्रिल १९२० ला उघडलं, असं हिल्ड्रेड तारखेनिशी सांगतो. पुस्तक छापलं गेलं १८९५ ला. स्कॉटला कॅस्टेनचं प्रकरण ठाऊक आहे, म्हणजे ‘यलो साइन’ त्यानंतरची. मग ती १९२० नंतर घडायला हवी. पण तिच्यात ना मरणघर, ना जर्मनीशी झालेल्या युद्धाच्या खुणा, ना बदललेलं न्यूयॉर्क. ती १८९० च्या दशकातली वाटते. माझं मत सरळ आहे: १९२० हे हिल्ड्रेडच्या डोक्यातलं वर्ष. तो १८९० च्या दशकातच वेड्यांच्या इस्पितळात गेला, आणि ‘यलो साइन’ हा त्याचा पुरावा. ज्या कथेबद्दल शंका आहे तिच्याबाहेरून आलेला.

मासुंदा:
येऊर, घाई होते आहे. ‘यलो साइन’मध्ये वर्ष छापलेलं नाही. ‘वाटते’ हा शब्द पहिल्या रकान्यात बसत नाही.

दुसरं, १८९५ च्या वाचकाला भविष्यातलं वर्ष पाहून वेडाची शंका आली नसती. १८७१ च्या ‘बॅटल ऑफ डॉर्किंग’पासून काल्पनिक भावी युद्धाच्या कथांची लाट होती, आणि १८८८ मध्ये बेलमीने २००० सालचं बॉस्टन रंगवलं होतं; ते पुस्तक प्रचंड खपलं. ‘रिपेअरर’ची पहिली पानं हुबेहूब त्या थाटाची आहेत: नवी सरकारी योजना, नवे कायदे, सुधारलेली शहरं, सगळं आलबेल. वाचक ती भावी आदर्श-राज्याची कथा म्हणून स्वीकारतो, आणि मग पायाखालचं सरकतं. चेंबर्सने ही दिशाभूल मुद्दाम केली असेल तर १९२० खरं मानूनही कथा तितकीच विषारी उरते. उलट जास्त, कारण आत्महत्येची सरकारी सोय करणारं राज्य मग भ्रम नाही, ते राज्य आहे.

येऊर:
ठीक, ‘वाटते’ काढतो. पण मुकुट पाहा. हिल्ड्रेड स्वतःला एका राजवंशाचा वारस समजतो. हिल्ड्रेडच्या लेखी तिजोरी आहे, वेळेचं कुलूप आहे, ते उघडायला पावणेचार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ त्याला सोन्यासारखा वाटतो. चुलतभाऊ लुई येतो आणि तीच वस्तू त्याला बिस्किटाचा डबा दिसते. मुकुट पितळेचा आहे का, असंही तो विचारतो. निवेदकाला वेगळं दिसतंय हे कथेतच छापलेलं आहे.

मासुंदा:
मान्य. तिजोरी गेली. पण तिजोरी गेली म्हणून १९२० गेलं असं होत नाही. माणूस मुकुटाबद्दल भ्रमात असेल आणि सालाबद्दल शुद्धीवर असेल. एकेक दावा वेगळा तपासावा लागतो, हाच तर या धाग्याचा मुद्दा. ‘अविश्वसनीय निवेदक’ असा एक शिक्का मारला की वाचन थांबतं.

आणि माझ्या बाजूचा हुकमी पत्ता: पेल स्ट्रीट. चिलखतं दुरुस्त करणारा हॉबर्क शुद्धीवरचा माणूस आहे. एका मौल्यवान चिलखताचे हरवलेले भाग पेल स्ट्रीटवरच्या माळ्यावर आहेत असं विक्षिप्त मिस्टर वाइल्डचं म्हणणं हिल्ड्रेड त्याला सांगतो, हॉबर्क ‘भलतंच’ म्हणून उडवून लावतो, आणि नंतर ते तिथेच सापडल्याचं कबूल करतो. वाइल्ड नुसता वेडा असता तर त्याला कसं कळलं?

येऊर:
पत्ता पुन्हा वाचा. हॉबर्क म्हणतो ‘पेल स्ट्रीट’. घर क्रमांक ९९८ हिल्ड्रेड स्वतः विचारतो, हॉबर्क फक्त होकार देतो. आता नकाशा उघडा. पेल स्ट्रीट मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये, बावरी ते मॉट स्ट्रीट एवढीच. आपल्या राममारुती रोडच्या निम्मीही नाही. तिथे ९९८ क्रमांक असूच शकत नाही. चेंबर्सचा जन्म ब्रुकलिनचा, त्याला हे ठाऊक असणार. हा दुसऱ्या रकान्याचा पुरावा.

मासुंदा:
हे झकास आहे. पण त्याचे दोन अर्थ निघतात. एक, हॉबर्कचा होकार हिल्ड्रेडने रचला, म्हणजे संवादही विश्वासाचे नाहीत. दोन, चेंबर्सने वाचकाला डोळा मारला. दोन्ही धरले तरी चिलखताचे भाग सापडले की नाही हा प्रश्न उघडाच राहतो, कारण सापडल्याची बातमीसुद्धा हिल्ड्रेडच्याच हातून येते.

संपूर्ण कथेत हिल्ड्रेडच्या हाताबाहेरचं एकच वाक्य आहे: शेवटची संपादकाची टीप. गुन्हेगार वेड्यांच्या इस्पितळात मिस्टर कॅस्टेन काल वारले, एवढंच. साल नाही. मृत्यू आणि जागा पक्की; ‘गुन्हेगार’ शब्दावरून काहीतरी गुन्हा घडला हेही पक्कं. मरणघर, राजवंश, वाइल्डचं जाळं यांबद्दल टीप गप्प. ती काय सांगत नाही याची यादी बैठकीत करा, तिथेच कथा आहे.

पाचपाखाडी:
दोघांचंही नोंदवलं. यात आणखी एक काटा घालते. ‘नाटक वाचलं म्हणून वेड लागलं’ असं सगळे म्हणतात. ‘रिपेअरर’मध्ये क्रम पाहा: आधी घोड्यावरून पडणं, मग डॉक्टर आर्चरचं इस्पितळ, आणि बरं होण्याच्या काळात पुस्तक विकत घेऊन वाचणं. पहिला अंक संपल्यावर तो पुस्तक शेकोटीकडे भिरकावतो, ते दुसऱ्या अंकावर उघडं पडतं, पहिले शब्द दिसतात आणि तो ते उचलून घेतो. म्हणजे डोक्याला मार आधी, पुस्तक नंतर. ही कथा एकटी वाचली तर पुस्तकाला दोष देता येत नाही.

‘कोर्ट ऑफ द ड्रॅगन’ आणि ‘यलो साइन’ शेजारी ठेवल्या की चित्र फिरतं. तिथल्या वाचकांच्या डोक्याला काही लागलेलं नाही. म्हणजे नाटकाविरुद्धचा पुरावा कोणत्याही एका कथेत नाही, तो चार कथांच्या मधल्या फटींत आहे. म्हणूनच संग्रहांमध्ये एकटी ‘यलो साइन’ छापतात तेव्हा तिचं नुकसान होतं. स्कॉटचं कॅस्टेनबद्दलचं वाक्य तिथे नुसतं शोभेचं राहतं.

घणसोली_लोकल:
हे कळलं. मूळ मजकूर कुठून घ्यायचा? हक्कांचं काय?

नेरूळचा_निशाचर:
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतात. हेन्री जेम्स १९१६, चेंबर्स १९३३, एम. आर. जेम्स १९३६, मॅकन १९४७, ब्लॅकवुड १९५१ ला गेले. सगळे मोकळे आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरचा मजकूर उतरवून घ्या, छापून वाटायलाही हरकत नाही. मोबाइलवर वाचणार असाल तर कथेच्या डोक्यावरची वचनं आणि तळटिपा गळलेल्या नाहीत ना ते पाहा. काही फुकट अ‍ॅपांत त्या उडतात, आणि या लेखकांचे निम्मे दुवे तिथेच असतात.

संग्रहांवरून आठवलं. सगळ्यात मोठा घात मॅकनच्या ‘द थ्री इम्पॉस्टर्स’चा (१८९५) झाला आहे. तिच्यातून ‘ब्लॅक सील’ आणि ‘व्हाइट पावडर’ या दोन कथा उपटून वेगळ्या छापतात. मूळ पुस्तकात ‘ब्लॅक सील’ सांगते मिस लॅली आणि ‘व्हाइट पावडर’ सांगते मिस लेस्टर. या दोघी एकच बाई आहेत, आणि ती बाई त्या तीन भामट्यांपैकी एक. चष्मेवाल्या तरुणाचा माग काढण्यासाठी ती या कथा रचून ऐकवते. म्हणजे मॅकनच्या दोन गाजलेल्या भयकथा चौकटीत पाहिल्या तर थापा आहेत. मात्र चौकटीत त्या तरुणाचं पुढे जे होतं ते थाप नाही, आणि ते जिथे होतं त्या घरापासूनच पुस्तक सुरू होतं. सुटी कथा वाचून ‘मॅकनचा बुटक्या आदिम लोकांवर विश्वास होता’ असे निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी चौकट वाचावी.

कळवेकर_मावशी:
मॅकनचाच धागा पुढे नेते. ‘ग्रेट गॉड पॅन’ (पुस्तकरूपात १८९४) आठ प्रकरणांची. पहिल्यात डॉक्टर रेमंड मित्र क्लार्कच्या देखत मेरी नावाच्या मुलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतो, तिला पॅन देव दिसावा म्हणून; हेलन ही तिची मुलगी. हेलन व्हॉन आपल्या तोंडाने आपली गोष्ट कुठेच सांगत नाही. ती दिसते ती क्लार्कच्या वहीत, व्हिलियर्सच्या चौकशीत, ऑस्टिनच्या बोलण्यात, डॉक्टरच्या लॅटिन टिपणात. पोटरकाना इथे भरून काढा. बहुतेक गोष्टी दोन-तीन हातांतून आल्या आहेत. ही गोष्ट तिच्याविरुद्ध केलेली फाइल आहे, आणि आरोपीचा जबाब फाइलमध्ये नाही.

शेवटच्या प्रकरणाची शेवटची टीप फार कमी लोक वाचतात. हेलनचा जन्म ५ ऑगस्ट १८६५, ब्रेकनशायरमधल्या रेड हाउसमध्ये. मृत्यू २५ जुलै १८८८, पिकॅडिलीजवळच्या एका रस्त्यावरच्या घरात, ज्याला ‘कथेत’ ॲशली स्ट्रीट म्हटलं आहे. ‘कथेत’ हा शब्द कोणी लिहिला? रेमंडने नाही, क्लार्कने नाही. ही फाइल कोणीतरी नावं बदलून, जुळवून आपल्यापुढे ठेवली आहे, आणि तो माणूस कथेत कुठेच नाही. माझ्या लेखी हा या कथेतला सगळ्यात थंड क्षण आहे.

आता सांधा. केर्मेन या गावच्या संग्रहालयात क्लार्कला रोमन खांब दिसतो. लेखाचा आशय: फ्लेव्हियस सेनिलिसने हा खांब नोडेन्स देवासाठी उभारला, सावलीत त्याने जे लग्न पाहिलं त्याप्रीत्यर्थ. पहिल्या प्रकरणातली मेरी, वहीतल्या रानातल्या मुली आणि हा खांब, तिन्ही एकाच घटनेच्या तीन खेपा आहेत. कोणी तसं सांगत नाही. ‘लग्न’ आणि ‘पाहिलं’ एवढ्यावर भागवलं आहे.

नोडेन्स मॅकनने बनवलेला नाही. ग्लॉस्टरशायरमधल्या लिडनी पार्कला त्याचं खरं रोमनकालीन देऊळ आहे. त्याच्या नावाचे लेख मॅकनच्या आधीच छापले गेले होते. (व्हीलरचं प्रसिद्ध उत्खनन १९२८–२९ चं, म्हणजे कथेनंतरचं, ते दुसऱ्या रकान्यात घालू नका.) लव्हक्राफ्टचा नोडेन्स मात्र तिसऱ्या रकान्यातला.

येऊर:
मावशी, जन्मतारखेवरून नऊ महिने मागे गेलं की नोव्हेंबर १८६४ येतो. पहिल्या प्रकरणातली संध्याकाळ नोव्हेंबरची वाटत नाही, रानात पारवे घुमताहेत. काही अर्थ?

कळवेकर_मावशी:
कच्चा पुरावा. पारवे उशिरापर्यंत घुमतात, आणि मॅकनला कॅलेंडरची फारशी पर्वा नसते. शिवाय तो गर्भ माणसाच्या हिशेबाने वाढला असं आपण का धरायचं? विसंगती नोंदवा, तिच्यावर इमारत बांधू नका.

‘द व्हाइट पीपल’ (१९०४) कोणी बैठकीत आणणार असेल तर तिथे उलट परिस्थिती आहे: फाइल नाही, फक्त मुलीची हिरवी वही. आणि ती वही सांगते की काही गोष्टी मी लिहिणारच नाही, उदाहरणार्थ आक्लो लिपी कशी काढायची ते. तिथे संदिग्धता वाचकाच्या अज्ञानातून येत नाही, मुलीच्या पथ्यातून येते. आक्लो पुढे लव्हक्राफ्टच्या ‘डनविच हॉरर’मध्ये सापडते, तीही अर्थ न सांगताच. उसनवारीतली ही एक मला पटते, कारण त्याने शब्दाबरोबर गप्प राहणंही उचललं.

मासुंदा:
‘टर्न ऑफ द स्क्रू’ राहिली: माइल्स आणि फ्लोरा या मुलांना सांभाळणाऱ्या गव्हर्नेसला मेलेले नोकर क्विंट आणि मिस जेसल दिसतात; मिसेस ग्रोस ही घरची कारभारीण. यावर १९३४ च्या एडमंड विल्सनच्या लेखापासून (भुतं गव्हर्नेसच्या डोक्यातली, असं म्हणणाऱ्या) भांडण चालू आहे, म्हणून थोडक्यात. हात मोजा: गव्हर्नेसचं हस्तलिखित, ते डग्लसकडे, डग्लसने वाचून दाखवलं, आणि निवेदकाने पुढे केलेली नक्कल आपण वाचतो. प्रस्तावना आणि चोवीस प्रकरणं. प्रस्तावनेची चौकट शेवटी बंद होत नाही. शेवटच्या प्रकरणानंतर डग्लसच्या घोळक्यात कोणी काही बोलल्याचं छापलेलं नाही.

कस लागतो तो तीन जागांवर. पाचवं प्रकरण: गव्हर्नेस त्या माणसाचं वर्णन करते, लाल कुरळे केस, डोक्यावर टोपी नाही, आणि मिसेस ग्रोस ओळखते, हा तर क्विंट. क्विंटबद्दल तिला आधी कोणी सांगितल्याचं छापलेलं नाही. भुतांच्या बाजूचा हा मोठा आधार. विरुद्ध बाजूला म्हणावं लागतं की गावात चौकशी केली असेल. शक्य आहे, पण छापलेलं नाही. विसावं प्रकरण: तळ्याकाठी गव्हर्नेसला मिस जेसल दिसते, शेजारी उभ्या मिसेस ग्रोसला दिसत नाही. हा विरुद्ध बाजूचा आधार. आणि एकविसावं, जे सगळे विसरतात: फ्लोराच्या तोंडून रात्री जे घाणेरडं बोलणं ऐकलं त्यावरून मिसेस ग्रोसच म्हणते, आता माझा विश्वास बसला. जिला काही दिसलं नाही तीच.

चोविसाव्यात माइल्स ओरडतो, ‘पीटर क्विंट, सैताना!’ ‘सैताना’ कोणाला, क्विंटला की गव्हर्नेसला? जेम्सने विरामचिन्हांतूनही ते मिटवलेलं नाही. आवृत्त्यांचा घोळ टाळा: १९०८ च्या न्यूयॉर्क आवृत्तीसाठी त्याने मजकुरावर पुन्हा हात फिरवला होता, तेव्हा सगळ्यांनी एकच आवृत्ती आणा. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या १९५४ च्या ऑपेराचं उदाहरण देऊ नका. तिथे भुतं गातात, म्हणजे प्रश्न रंगमंचानेच सोडवून टाकला.

घणसोली_लोकल:
ब्लॅकवुडची ‘द विलोज’ का नाही घेतली?

मासुंदा:
घ्या की पुढे. १९०७ ची आहे. तिच्यात तपासण्यासारखी एकच जागा, पण पक्की: डॅन्यूबच्या बेटावर एक वल्हं नाहीसं होतं, उरलेलं कोणीतरी तासून पातळ केलेलं असतं आणि होडीच्या तळाला चीर पडते. निवेदकाला क्षणभर सोबत्याचीच शंका येते. सोबती स्वीडिश, कल्पनाशक्ती नसलेला म्हणून सुरुवातीपासून रंगवलेला, आणि नेमका तोच आधी ‘त्यां’च्याबद्दल बोलू लागतो. शेवटी जे प्रेत सापडतं त्यावर वाळूतल्या खळग्यांसारख्याच खुणा. प्रेत नसतं तर ‘सोबत्याने केलं’ हे वाचन पुरून उरलं असतं.

नेरूळचा_निशाचर:
अवांतर: हे तीन रकाने जी. एं.च्या ‘रमलखुणा’ला (१९७५) लावून पाहिले तर? ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, दोनच दीर्घकथा.

कळवेकर_मावशी:
दुसरा रकाना कोरा राहील. तिथली गावं, देवळं, पंथ कुठल्याच नकाशावरचे नाहीत, तेव्हा लिडनी किंवा पेल स्ट्रीटसारखा बाहेरचा टेकू मिळत नाही. शिवाय जी. ए. घटनेबद्दल संदिग्ध नसतात. काय घडलं ते लख्ख दिसतं, का घडलं ते लपतं. ही वेगळी जात आहे. स्वतंत्र धागा काढा, इथे मिसळू नका.

पाचपाखाडी:
मावशींशी सहमत. आता बैठकीचं. ठिकाण नौपाड्यातलं नेहमीचं. रविवार आहे, तेव्हा नेरूळ-घणसोलीकरांनी ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक शनिवारी रात्री बघून घ्या. सुरुवात साडेचारला. प्रत्येक कथेला चाळीस मिनिटं: पहिली पंधरा फक्त पहिला रकाना, मोठ्याने, प्रकरण क्रमांकासह. त्या पंधरात ‘मला वाटतं’ म्हणणाऱ्याला थांबवलं जाईल. ‘रिपेअरर’ येऊर आणि मासुंदा दोघांनी मिळून मांडावी, बाजू बदलून: येऊर १९२० खरं धरतील, मासुंदा खोटं.

येऊर:
बाजू बदलून? अन्याय आहे. मंजूर.

घणसोली_लोकल:
वेळ उरला तर छोटं काही? सगळ्यांनी तिथेच वाचून सोडवण्यासारखं.

मासुंदा:
एम. आर. जेम्सची ‘टू डॉक्टर्स’, १९१९ च्या ‘अ थिन घोस्ट’मधली. इझ्लिंग्टनचे दोन डॉक्टर, एबल आणि क्विन. जुन्या पुस्तकात सापडलेले वकिली कागद, बरेचसे गहाळ, आणि निवेदक सांगतो की उरलेली फाइल मी शोधलेलीच नाही. क्विन अंथरुणात गुदमरून मेलेला सापडतो. शेवटाकडे कळतं की त्याचं बिछान्याचं सामान एका विक्रेत्याकडून आलेलं, आणि त्या विक्रेत्याकडे मिडलसेक्समधल्या एका सरदार घराण्याच्या समाधीघरातून चोरलेला माल होता. एबलचा हात कुठे होता, होता की नव्हता, ते कागदांत नाही. जेम्सच्या चाहत्यांनाही ही कथा अर्धवट वाटते. मला ती त्याची सगळ्यात धीट वाटते. पानं थोडी आहेत. छापताना कागद सुटे ठेवा, पिन मारू नका. प्रत्येकाला एक जबाब द्या आणि आपल्या जबाबात जे नाही ते बोलायला बंदी घाला.

पाचपाखाडी:
चालेल. आठ प्रती काढते, मोठ्या टाइपात. नोकराचा जबाब मावशींना.

कळवेकर_मावशी:
नोकराचा का? विक्रेत्याचा द्या.

मासुंदा:
विक्रेत्याचा जबाबच नाही, मावशी. त्याच्याबद्दल निवेदक शेवटी आपल्या शब्दांत सांगतो, तेवढंच.